खाऱ्या वाऱ्यातलं ग्रिल

पामबीच रोडची संध्याकाळ म्हणजे एकीकडे टॉवर्स, दुसरीकडे खारफुटी आणि अंगाला चिकटणारा खारा वारा. आम्हा नेरुळकरांना तो भारी आवडतो. लोखंडाला मात्र नाही! पावसाळ्यानंतर खिडक्यांच्या ग्रिलवरचे गंजाचे ओघळ बघा. म्हणूनच गच्चीसाठी गॅस ग्रिल घेताना मी आधी स्टील पाहिलं.

तुम्हीही दुकानातली चकाकी विसरा, खिशात चुंबक न्या. घट्ट चिकटलं तर ते ३०४ ग्रेडचं स्टील नव्हे. नाही चिकटलं तरी बिलावर ग्रेड लिहून घ्या, कारण स्वस्त २०१लाही चुंबक चिकटत नाही. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल; खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. बिडाची जाळी चालेल, पण दर वेळी तेलाचा हात हवाच.

वीकेंडला उरण-अलिबागला न्यायचंय? मग घडीच्या पायांचं छोटं ग्रिल आणि ५ किलोचा सिलिंडर. रेग्युलेटर आणि नळी आयएसआय मार्कचीच. बंद बाल्कनीत मात्र नको हं! एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खालीच साचतो.

बाकी दिवाळे गावातून ताजं पापलेट आणा आणि मजा करा. खाऊन झालं की जाळी पुसा, कव्हर घाला. वारा नाइट शिफ्टलाही असतो!