वाकून बसायची गाडी

मध्यमवर्गीय घरात दोन गोष्टींची खरेदी एकट्यादुकट्याने होत नाही. एक लग्नाचा शालू आणि दुसरी गाडी. शालूच्या वेळी निदान दुकानात गेलेल्यांचेच मत घेतात. गाडीच्या बाबतीत मात्र समोरचे निवृत्त कारकून, दूधवाला आणि नागपूरचे साडू या सर्वांना मते असतात आणि ती ऐकून घ्यावी लागतात. गाडी साधी, म्हणजे ताठ बसून हँडलला भाजीची पिशवी अडकवण्याजोगी असली, तर प्रश्न ॲव्हरेजवर मिटतो. पण ती वाकून बसायची असेल, छाती टाकीवर टेकवून, आणि मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर चढल्यासारखा दिसेल अशी, तर घरात सरळ दोन तट पडतात. एका तटात चिरंजीव एकटे असतात.

माझ्या बहिणीकडे यंदा नवरात्रापासून हेच चालले आहे. भाचा वीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला ३९० वर्गातली गाडी हवी आहे आणि ती येत्या पाडव्यालाच हवी आहे. अक्काने मला बोलावून घेतले. या विषयातला मी तज्ज्ञ समजला जातो, कारण कॉलेजात काव्यशास्त्र शिकवणारा हा गृहस्थ गेली काही वर्षे स्वतःच तसल्या गाडीवरून तासाला जातो. विद्यार्थी हसतात. प्राचार्य हसत नाहीत, एवढाच फरक.

मला वाटले होते, अक्का म्हणेल, "त्याला समजाव, नको म्हणून सांग." तसे म्हणायचा तिला अधिकारही होता. २०११ च्या डिसेंबरात भाऊजी रात्री गारगोटीहून परत येत होते. रस्त्यात उसाने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती, दगड नाही की झाडाची फांदी नाही. भाऊजी साध्या शंभर सीसीच्या गाडीवर होते आणि त्यांना वेगाची हौस कधीच नव्हती. भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता.

अक्का म्हणाली, "मी नाही म्हटले तर मित्राची घेऊन जाईल. ते मला कळणारसुद्धा नाही. गाडी घेऊ दे. पण कोणती घ्यायची ते तू बघ, आणि चालवायला तू शिकव."

मराठीच्या मास्तराला इतकी जबाबदारीची शिकवणी पूर्वी कोणी दिली नव्हती.

मी सुरुवात खासबागेपासून केली. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या मैदानात कुस्ती लावायची एक रीत आहे: जोड तोलाची पाहिजे. तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी हिंदकेसरीपुढे उभा करीत नाही. आधी माती उकरायला लावतो, मग जोर, मग बैठका, मग आपल्याएवढ्या पोराशी खडाखडी. गाडीचेही तेच. दीडशे-दोनशे सीसीच्या वर्गातली वाकून बसायची गाडी साधारण १८ ते २५ अश्वशक्तीची असते आणि वजनाला दीडशे किलोच्या आसपास. ३९० वर्गातली गाडी वजनाने फार तर वीस-तीस किलोंनी जास्त, पण ताकद ४३ अश्वशक्तीची. पहिलवान तेवढाच, पण हाताला दुप्पट जोर. नवख्याचे मनगट चुकून पाव इंच जास्त पिळले गेले, तर लहान गाडी त्याला माफ करते. मोठी हिशेब चुकता करते.

"पण मामा, सहा महिन्यांत कंटाळा येईल की!"

कंटाळा येऊ दे, म्हटले. कंटाळा म्हणजे हात बसला. मग विकून मोठी घे. लहान गाडी जुन्या बाजारात चटकन जाते.

या वादात सरकारने अनपेक्षितपणे माझी बाजू घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा वस्तू-सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्क्यांवर गेला. विम्याच्या हप्त्याचेही १५० आणि ३५० सीसी हे टप्पे आहेत. भाचा आकडेमोडीत हुशार आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि अर्ध्या तासाने २०० वर आला. खासबागेचा दाखला वाया गेला असे मी म्हणत नाही, पण करांच्या दरात जी वक्तृत्वशक्ती असते ती आमच्या अलंकारांत नाही.

तरुण मुलांना या गाड्या परदेशी वाटतात. नाव ऑस्ट्रियाचे, रंग नारिंगी, आवाज परका. प्रत्यक्षात २०१२ च्या जानेवारीत भारतात आलेली ती पहिली ड्यूक २०० आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार होत होती. त्याआधी २००१ साली बजाजची पल्सर आली आणि मोटारसायकल ही केवळ दूध आणि कचेरी यांसाठी असते हा समज पुष्कळ घरांतून गेला. मी तेव्हा नुकताच एम.ए. होऊन नोकरी शोधत होतो; पल्सर घेतलेल्या मित्राला मी आदराने 'अहो' म्हणू लागलो होतो.

गाडी पसंत करायची ती बसून, फोटोवरून कधीही करू नये. दोन्ही पाय जमिनीला लागतात का? निदान चवडे तरी घट्ट टेकले पाहिजेत, कारण पहिल्यांदा गाडी पडते ती घाटात पडत नाही. दारात, उभ्या उभ्या, वळवताना पडते, आणि मग रंगीत प्लास्टिकच्या एका पाखीची किंमत ऐकून घरातली वडील मंडळी खुर्चीत बसतात. वाकल्यावर भार मनगटांवर येतो की पोटाच्या स्नायूंवर, हे दहा मिनिटे बसून पाहावे. मनगटे दुखू लागली तर बसायची पद्धत चुकते आहे; टाकी गुडघ्यांनी आवळली की हात मोकळे होतात. आरशात रस्ता दिसतो की स्वतःचेच कोपर, तेही बघावे.

आणि मागची सीट. वधुवरांच्या पाट्याएवढीही ती नसते. अक्काला मी आधीच सांगून ठेवले की देवीला जायचे तर रिक्षा कर. मागच्या चाकावरची साडीची जाळी मुले पहिल्या आठवड्यात काढून टाकतात, कारण ती 'शोभत नाही'. ती ठेवण्याचा नियम आहे आणि नियमाला कारण आहे. या शहरात साडी आणि ओढणी अजून नामशेष झालेली नाही. आरसे काढणे आणि सायलेन्सर बदलणे हे दुसऱ्या आठवड्याचे कार्यक्रम. सायलेन्सरच्या बाबतीत एक अपवाद मी करायला तयार आहे. पाडव्याला आमच्याकडे गवळी लोक म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसे बांधून कसबा बावड्यात आणि पंचगंगेच्या घाटाकडे आणतात आणि त्या मालकाच्या मोटारसायकलचा आवाज ओळखून तिच्यामागे धावतात. ज्याच्या गाडीमागे म्हैस धावत असेल, त्याने खुशाल सायलेन्सर काढावा.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: चासीचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहा, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद मागा, आणि उद्यमनगरातल्या आपल्या मेस्त्रीला बरोबर न्या. पुढचे पाइप वाकलेले असले तर तो लांबून ओळखतो. टायरवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मालक 'टायर कालच टाकलेत' म्हणाला की तिथे बोट ठेवावे.

हेल्मेटचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढायचे, ही माझी अट होती. नंतर काढू म्हटले की उरते ते दोनशे रुपयांचे, रस्त्याकडेचे. आय.एस.आय. चे चिन्ह नसलेले हेल्मेट बनवायला आणि विकायला २०२१ च्या जूनपासून बंदी आहे, तरी ते दोरीवर लोंबकळताना दिसतेच. हेल्मेट गालांना घट्ट बसले पाहिजे. पट्टा लावून पुढे ओढले तर डोक्याचे कातडे बरोबर हलले पाहिजे. त्याच्या जोडीला हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि कोपराला आत गादी असलेले जाकीट. पडताना माणूस आधी हात पुढे करतो, त्याला इलाज नाही.

मग शिकवणी. मुले मागच्या ब्रेकवर वाढलेली असतात. सायकलवर कोणीतरी सांगितलेले असते, "पुढचा दाबू नको, उलटशील." मोटारसायकलला थांबवणारा मुख्य ब्रेक पुढचाच, ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे हलके होते. मात्र तो हिसक्याने ओढायचा नसतो. लिंबू पिळावे तसा हळूहळू वाढता दाब द्यायचा. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे आहे, चाक जाम होऊ लागले की ते ब्रेक क्षणभर सोडते, पुन्हा धरते, आणि गाडी घसरत नाही. दोन्ही चाकांना असेल तर उत्तम. पण वाळूवर ते चमत्कार करीत नाही. सुट्टीच्या दिवशी औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर भाच्याला माझ्या गाडीवर बसवून मी तीसवरून, मग चाळीसवरून, मग साठवरून थांबायला लावले. साठ-सत्तर वेळा. तो वैतागला. तालमीतली पोरेही वैतागतात.

वळण्याच्या बाबतीत माझा विषय कामी आला. या गाडीला डावीकडे वळवायचे तर डावे हँडल पुढे ढकलावे लागते, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे फिरते आणि गाडी डावीकडे कलते. उजवीकडे जायचे तर उजवे ढकला. ऐकायला उफराटे वाटते, पण सायकलवरही आपण नकळत हेच करतो. विमानाच्या आधी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरने हे हेरले होते. कुंतकाने काव्याचा प्राण वक्रोक्तीत सांगितला. म्हणायचे एकीकडचे आणि बोलायचे दुसरीकडून. भाच्याला कुंतक कळला नाही, पण वळण कळले. वर्गात बहुधा याच्या उलट होते, म्हणजे दोन्ही कळत नाहीत.

मग केर्ली, वाघबीळ आणि पन्हाळ्याचा चढ. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात नाही. नजर जायचे तिकडे. खड्ड्याकडे पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते. वळणाच्या पलीकडे एस.टी. आहे असे धरूनच आत शिरायचे, आणि ती असतेच. २०२३ च्या सप्टेंबरात मोटोजीपीची शर्यत ग्रेटर नोएडाला झाली तेव्हा भाच्याने जेवण सोडून ती पाहिली होती. मी त्याला एवढेच दाखवले की त्या शर्यतपटूंच्या कातडी अंगरख्यात २०१८ पासून सक्तीची हवेची पिशवी असते, पडल्यावर घसरायला मोकळी जागा असते, आणि समोरून कोणी येत नसते. आमच्या घाटात एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला दरी. गुडघा टेकायचाच असेल तर जोतिबाच्या पायरीवर टेकावा.

आता राहिला हंगाम. दिवाळी आटोपली की कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मार्चपर्यंत रस्ते उसाचे होतात. दुहेरी ट्रॉल्या, बैलगाड्या, चाकांनी शेतातून आणलेला चिखल, गळून पडलेली पाचटे आणि पहाटेचे धुके. या भागासाठी मी भाच्याला कागदच घ्यायला सांगितला. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद, आणि ही सूट उदार आहे. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी २० मीटर. एकूण ३७. ताशी ८० ला तेच गणित ५८ मीटरवर जाते, कारण वेग वाढतो त्याच्या वर्गाने ब्रेकचे अंतर वाढते. समोरच्यासाठी दिवा खाली केला की उजेड जेमतेम चाळीस-पन्नास मीटर पडतो.

त्याने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग विचारले, "बाबा किती वेगात असतील?"

मी म्हटले, "पन्नासच्या वर ते कधी गेले नाहीत. पण समोरून येणाऱ्याचा दिवा डोळ्यांवर होता, असे पंचनाम्यात होते. मग उजेड चाळीस मीटरही राहत नाही. अशा वेळी डोळे दिपले की मनगट आधी सैल करायचे, दिसायला लागेपर्यंत वाट पाहायची नाही."

तो आकडा त्याने कागदावर लिहिला नाही.

गाडी ठरली आहे. २०० ची, निळी. पाडव्याला दुपारी मिळेल. अक्का दर वर्षी हंगामाच्या तोंडावर लाल चमकत्या पट्ट्यांची भेंडोळी आणते आणि सुट्टीच्या दिवशी रिक्षा करून गारगोटी रस्त्याला जाते. रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना मागून चिकटवते. गाडीवाले पहिल्यांदा चेष्टा करीत, आता ओळखतात, "बाई आल्या" म्हणतात. यंदा भेंडोळी सहा आणली आहेत. ती त्या बोटभर सीटला रबराने बांधता येतील का, हे भाचा काल शोरूममध्ये विचारत होता.