एका यंत्रातील दोन बिऱ्हाडे

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांच्या कपाटांत मोडी लिपीतील कागद असतात. आमच्याकडील कागद शाबूत आहेत, शाईही टिकून आहे. वाचणारा मात्र घरात कोणी उरला नाही. वडिलांनी लिहिलेल्या घराण्याच्या आठवणींची तीच गत होऊ नये, म्हणून त्यांचा जुना संगणक आम्ही सांभाळला आहे.

त्या आठवणी विंडोज ९८ वरील मराठी लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्या काळच्या अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक असल्याने हा परावलंबीपणा उरत नाही. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आणावयाचा, तर जुनी आणि नवी अशा दोन्ही कार्यप्रणाली हाताशी हव्यात.

यासाठी आम्ही एकाच हार्ड डिस्कचे भाग पाडले. आधी विंडोज ९८ बसवले, मागाहून लिनक्स. कारण विंडोज बसताना डिस्कच्या आरंभीच्या ५१२ बाइटांच्या कप्प्यातील प्रारंभ-सूचना स्वतःच्या करून टाकते. लिनक्ससोबत आलेला ग्रब हा छोटा प्रोग्रॅम आता संगणक सुरू होताच दोन्ही नावे दाखवून कोठे जायचे ते विचारतो. लिनक्सला विंडोजच्या भागातील फायली वाचता येतात. विंडोज ९८ ला मात्र शेजारच्या बिऱ्हाडाचा पत्ताही नसतो.

लिपीचे रूपांतर आम्ही लिनक्समध्ये करतो. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचा क्रम याच्या नेमका उलट. रूपांतर करणारा प्रोग्रॅम येथेच अडखळतो. मग यंत्र पुन्हा विंडोजमध्ये सुरू करून मूळ ओळ पाहावी लागते. साधा शब्द कोशावरून दुरुस्त करता येतो. परंतु पणजीचे माहेरचे नाव कोणत्या कोशात शोधावे?

विंडोज ९८ चा कंपनीचा आधार जुलै २००६ मध्येच संपला. त्यामुळे हे यंत्र आम्ही इंटरनेटला जोडत नाही. त्याची डिस्कही चिरंजीव नाही, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून रोज चार पाने पडताळतो, त्यांची एक प्रत कागदावर छापतो आणि एक नातवंडांकडे पाठवितो. नावे तेवढी आधी उतरवून घेतली आहेत.