धोंडांचा समुद्र

जलरंगात समुद्र रंगवायचा म्हणजे वेळेशी झोंबी. कागद ओला आहे तोवरच काय ती सवड. आकाशाचा वॉश खाली उतरू लागला की त्याला क्षितिजापाशी थोपवायचं आणि लाटेच्या फेसासाठी कागद कोरा सोडायचा. पारदर्शक जलरंगात पांढरा लावत नाहीत, तो राखावा लागतो. हात चुकला की चुकला. प्रल्हाद अनंत धोंड या अवघड कामात हयातभर रमले.

त्यांचा जन्म १९०८चा, रत्नागिरीचा. त्या काळी मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडायचा. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१मध्ये. या किनाऱ्यावर समुद्र नुसता बघायचा नसतो, त्याच्याशी रोजचा व्यवहार असतो. रापण लागते तेव्हा होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेऊन काठाला परतते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा दोर ओढत, पाय वाळूत रोवत मागे सरकतात. जाळं काठाशी आलं की आत मासळीची तडफड आणि भोवती टोपल्या घेऊन जमलेल्या बायका. धोंडांनी आपल्या आत्मकथनपर पुस्तकाला नाव दिलं तेही ‘रापण’.

मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, तिथेच शिकवू लागले आणि पुढे अधिष्ठाताही झाले.

काळ मात्र जलरंगाला फारसा अनुकूल नव्हता. १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला आणि आधुनिक चित्राची चर्चा तैलरंगाभोवती फिरू लागली. त्या ग्रुपमधल्या रझांनीही सुरुवातीला मुंबईची दृश्यं जलरंगात रंगवली होती. पुढे त्यांची वाट बदलली. धोंड मात्र पाणी आणि कागद सोडून गेले नाहीत. सावंतवाडीच्या हळदणकरांनी जलरंगातली माणसं गाजवली, तसा धोंडांनी समुद्र. त्यांना केवळ ‘जुन्या वळणाचे’ म्हणून बाजूला ठेवणं अन्यायाचं आहे. वैशाखातलं लख्ख पाणी आणि आषाढातलं गढूळ उधाण यांना एकच हात पुरत नाही; दर वेळी पाण्याचं प्रमाण, ब्रशचा वेग नव्यानं ठरवावा लागतो.

२००१मध्ये धोंड गेले, मागे राहिली त्यांची चित्रं. पण जलरंग उजेडानं फिके पडतात आणि कोकणच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते. ज्यांच्या घरी धोंडांचं चित्र असेल त्यांनी ते उन्हाच्या भिंतीवरून आजच उतरवावं, आम्लमुक्त माउंटमध्ये बसवावं आणि पावसाळा सरला की फ्रेमची मागची बाजू उघडून पाहावी.