बारा वर्षांचा हिशोब

पुण्यात तीस वर्षं मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवलं. निवृत्तीनंतर मुलाकडे शारजाला आलो, तरी ती खोड गेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये इथल्या मंत्रिमंडळाने कायदे तयार करायला आणि त्यांचे परिणाम तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारं कार्यालय मंजूर केलं, तेव्हा मी मनातून खूश झालो. प्रोग्रॅम आपण आधी तपासतो आणि मगच लोकांच्या हाती देतो. कायदा मात्र थेट माणसांवरच चालवून पाहिला जातो.

पुढे काही दिवसांनी मंडळाच्या ओळखीतले, सांगलीकडचे एक गृहस्थ घरी आले. बारा वर्षांची नोकरी संपवून गावी निघाले होते. म्हणाले, "सर, ग्रॅच्युइटी किती बसेल, जरा बघता का?"

इथल्या २०२१ च्या कामगार कायद्यातलं हे कलम म्हणजे जवळजवळ प्रोग्रॅमच आहे. पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त नाही. नातीने तो दहा मिनिटांत लिहिला. आम्ही अडचणीची उदाहरणं घालून पाहिली: वर्षाला एक दिवस कमी, पाच वर्षांवर एक दिवस, मध्ये बिनपगारी रजा. सगळी उत्तरं कलमाप्रमाणे आली.

मग त्यांचे आकडे घातले. ३१५ दिवस, १५,७५० दिरहम.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ३६,७५० धरले होते. हातात ३,५०० यायचे, पण करारात मूळ पगार १,५०० आणि बाकीचे भत्ते. "घराच्या स्लॅबचं सांगून बसलोय, सर," एवढंच ते बोलले.

"आजोबा, प्रोग्रॅममध्ये चूक नाहीये," नात हळूच म्हणाली. खरंच नव्हती.

प्रोग्रॅम तपासताना अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवायचं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल! त्या दिवशी एकाच माणसाची दोन अपेक्षित उत्तरं माझ्यासमोर होती. दोन कलमं एकमेकांशी भांडतात का, हे यंत्र माणसाच्या आधी सांगेल, आणि ते काम त्याला जरूर द्यावं. पण बारा वर्षांच्या कष्टाचं उत्तर काय यायला हवं, हे माणसांनीच ठरवायचं आहे, आणि ठरवताना अशा गृहस्थांनाही विचारायला हवं.

तोवर माझ्या हातात आहे तेवढं मी करतो. मंडळात नोकरीला नवा आलेला कोणी भेटला, की चहाच्या आधी विचारतो, "करारात मूळ पगार किती लिहिलाय?"