तांब्याभर पाणी

चांद्यास (सरकारदफ्तरी चंद्रपूर, पण आमच्या जिभेस अद्याप जुनेच वळण आहे) घरात झाडे बाळगणे हा शौक नसून एक प्रकारचा संसारच होय. पुण्यामुंबईचे आमचे आप्त बागकामावरील सचित्र पुस्तके आम्हांस धाडतात. त्यांत 'दोन दिवसांआड पाणी द्यावे' असे ठाम वचन असते. मे महिन्यात जेथे पारा 47 अंशांना शिवून येतो, श्रावणात जेथे धुतलेली चादर तीन दिवस वाळत नाही आणि पौषातल्या पहाटे तोच पारा दहाबारापर्यंत उतरतो, तेथे वर्षभर एकच नियम पुरावा कसा?

उन्हाळ्यात कुंड्या ओसरीतून उचलून माजघरात आणाव्या लागतात. कूलरसमोर ठेवल्या तर पाने झोडपली जातात, दूर ठेवल्या तर कडा करपतात. तेव्हा वारा चुकेल पण ओलावा मिळेल अशी जागा हुडकावी लागते. आम्हांस ती सापडावयास तीन उन्हाळे लागले. शिवाय कूलरच्या टाकीत उरलेले पाणी वाया कशास घालवा, म्हणून आम्ही ते मोठ्या काटकसरीने कुंड्यांस घालीत असू. पुढे कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर धरला आणि पाने टोकांपासून तपकिरी पडू लागली, तेव्हा उमगले की पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. बोअरच्या जड पाण्याचा खारट काढाच आम्ही झाडांस पाजीत होतो!

हिवाळ्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. झाडे निजतात, आपण पाणी आखडावे आणि पानांवर बसलेली कोळशाची काळी धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

खरी परीक्षा पावसाळ्यात. हवाच ओली असल्यामुळे कुंडीतील माती आठ आठ दिवस वाळत नाही. मातीच्या फटींतून पाणी भरून राहते, हवेस तेथे जागा उरत नाही आणि मुळे गुदमरून कुजतात. वरून मात्र झाड मलूल, म्हणजे अगदी तहानलेले दिसते. पाहणारा कनवाळू असला की तो आणखी पाणी घालतो.

आमच्या मातोश्री कनवाळू आहेत. त्यांचे वय 84. हल्ली सकाळचे त्यांस दुपारी आठवत नाही. तांब्या घेऊन त्या दिवसातून चार चार वेळा कुंड्यांपाशी जात. यंदाच्या आषाढात मनीप्लांटच्या दोन व शेवंतीची एक अशा तीन कुंड्या कुजल्या, तेव्हा आम्ही रागावलो. रागावलो म्हणजे, सांगावयास लाज वाटते, त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"आई, तू आता झाडांना हात लावू नकोस."

"अरे, तहानलं होतं ना बाप्पा ते!" एवढेच त्या म्हणाल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

पुढले आठ दिवस त्या बसूनच होत्या. उरलेल्या कुंड्या सुधारल्या. साऱ्या घराचे पाणी जिने आयुष्यभर विहिरीवरून ओढले तिला आता करावयाजोगे तेवढे एकच काम उरले होते, हे आमच्या ध्यानात आले नाही, आमच्या सौ.च्या आले.

सौ.चे माहेर आरमोरीचे. (1982 साली गडचिरोली जिल्हा निराळा निघाला, तेव्हा आमची सासुरवाडी जागची न हलता परजिल्ह्यात गेली.) तेथे परसातल्या विहिरीच्या पाटाकाठी वेखंड माजले आहे. बाळगुटीतले वेखंड कोणास ठाऊक नाही? पण ते मुळात दलदलीचे झाड. पायांशी पाणी तुंबले तरी ते आनंदात असते. राखीच्या सणास सौ. माहेरी गेली ती त्याची चार कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. बुडास भोक नसलेल्या एका जुन्या बादलीत आम्ही चिखल केला, कांडी रोवली आणि बादली मातोश्रींच्या खुर्चीजवळ ठेवली. बाकीच्या कुंड्या उंच फळीवर चढविल्या. तांब्या परत दिला.

महिन्याभरात तलवारीसारखी पाती वीतभर वर आली. दिवसातून किती तांबे पडतात हे आम्ही मोजीत नसू. मातोश्री पात्याचे टोक चुरगळून हुंगतात आणि तो वास आला की त्यांस सकाळचे नव्हे, पण साठ वर्षांपूर्वीचे लख्ख आठवते. आमचे धाकटे भाऊ पोटदुखीने कसे रडत, हे आम्ही आजवर कधीच इतके तपशीलवार ऐकले नव्हते.

आता पौष चालला आहे. पाती पिवळी पडून झडली. कांडी खाली चिखलात निजली आहेत. या दिवसांत त्यांस नुसती ओल पुरते. मातोश्रींस हे सांगून पाहिले. त्यांनी मान डोलावली आणि तांब्या उचलला. रात्री त्या निजल्या की आम्ही बादली तिरपी करून वरचे पाणी मोरीत ओततो. सकाळी उठून त्या पाहतात तो माती उघडी पडलेली असते. मग त्या आम्हां सर्वांवर थोड्याशा रागावतात आणि पाणी आणावयास जातात.