भिंत पडते ती दर्जेतून

आमच्या इमारतीच्या बाहेरच्या गिलाव्याचं काम चालू होतं. परांचीवरून उतरलेले एक वयस्क मिस्त्री पाणी प्यायला दारात आले आणि बाल्कनीतल्या टेबलापाशी थांबले. टेबलावर माझं चर्च होतं. इटलीतल्या उंब्रिया प्रांतातल्या डोंगराळ खेड्यात असतं तसं एक लहानसं चर्च, 1944 च्या जुलैमधलं, तोफांच्या माऱ्यानंतरचं. चार महिन्यांचं काम होतं ते. मिस्त्रींनी तांब्या खाली ठेवला, वाकून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, ही भिंत पडल्याली न्हाई. हा माल वतलाय."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी प्लास्टर ऑफ पॅरिसची एकसंध भिंत ओतली होती, ती ओली असताना सुईने तिच्यावर दगडांच्या रेघा कोरल्या होत्या आणि वाळल्यावर हातोडीने तिचा वरचा भाग उडवला होता. खाली राडारोडा म्हणून चाळलेली खडी पसरली होती. तुटलेली कड बिस्किटाच्या कडेसारखी दिसत होती. दगडाच्या मधोमध चीर गेलेली आणि दर्ज, म्हणजे दोन दगडांमधला सांधा, मात्र शाबूत, असं सगळीकडे. "दगड कशाला फुटंल?" मिस्त्री म्हणाले. "भिंत पडती ती दर्जेतनं."

त्या रात्री मी ते चर्च मोडलं आणि पुन्हा पायापासून सुरुवात केली.

युद्धाचे डायोरामा, म्हणजे लहान प्रमाणातली दृश्यं, करणाऱ्या आम्हा लोकांची नजर बहुतेक वेळा रणगाड्यावर असते. इमारत म्हणजे रणगाड्यामागचा पडदा. पण पडकी इमारत हीच या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट आहे, असं मी आज ठामपणे म्हणेन. रणगाडा कारखान्यात बनतो, त्याची मापं छापलेली मिळतात. पडझडीची मापं कुणी छापत नाही. ती आपण काढायची, आणि त्यासाठी इमारत आधी पुरी उभी करावी लागते, निदान कागदावर तरी.

मी 1:35 या प्रमाणात काम करतो. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस इथे 5 सेंटिमीटरचा होतो. माझ्या चर्चची आतली जागा 7 मीटर रुंद आणि 11 मीटर लांब धरली, म्हणजे टेबलावर 20 सेंटिमीटर बाय साधारण 31. भिंत 70 सेंटिमीटर जाडीची, म्हणजे 2 सेंटिमीटर. अशा जाड भिंती आतून भरीव चिरेबंदी नसतात. बाहेर दगडांचा एक थर, आत एक थर आणि मध्ये चुन्यात कालवलेलं डबर. फुटलेल्या भिंतीचा छेद पाहिला की हे तिन्ही थर दिसायला हवेत. म्हणून या वेळी मी दगड सुटे ओतले. 6 मिलिमीटरपासून दीड सेंटिमीटरपर्यंतचे, तीन हजारांच्या वर. ते पांढऱ्या गोंदात न चिकटवता चुना आणि थोडं प्लास्टर यांच्या मुद्दाम कच्च्या मिश्रणात बसवले. कोपऱ्यावर मोठे घडीव दगड, एक आडवा एक उभा, एकमेकांत गुंतवलेले. छपरासाठी तीन कैच्या, त्यांवर आडव्या तुळया, रिपा आणि कौलं.

कौलांपाशी आपला मराठी हात चुकण्याची शक्यता असते, कारण कौल म्हटलं की डोळ्यांपुढे मंगलोरी येतं. उंब्रियातलं वरचं कौल अर्धगोल असतं, कोकणातल्या जुन्या नळीच्या कौलांच्या जातीचं. हे लक्षात आलं त्या दिवशी मी कोकणातल्या नातेवाइकांकडून गोठ्यामागे रचून ठेवलेली चार जुनी नळीची कौलं मागवली. ती कुठे फुटतात, फुटल्यावर आतला रंग कसा निघतो, कडेला काजळी कशी धरते, हे हातात धरून पाहिलं. मग विणकामाच्या सुईवर एम-सीलची पातळ पोळी गुंडाळून 13 मिलिमीटर लांबीची कौलं केली.

भिंत पुरी झाल्यावर पाडायची वेळ आली. त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: गोळा कुठून आला? साडेपाच इंची ब्रिटिश तोफेचा गोळा सुमारे 45 किलोचा. त्याचा फ्यूज लागताक्षणी फुटणारा असेल, तर स्फोट भिंतीच्या बाहेर होतो, दगडांवर तुकड्यांचे खड्डे उमटतात आणि छेद आत ढकलला जातो. फ्यूज थोडा उशिरा फुटणारा असेल, तर गोळा छपरातून आत शिरतो आणि आत फुटतो. मग भिंती बाहेर ढकलल्या जातात आणि राडारोडा रस्त्यावर पडतो. एकाच भिंतीत दोन्ही खुणा दाखवल्या आणि दोन गोळे दाखवले नाहीत, तर ते दृश्य खोटं होतं. मी दोन गोळे धरले. पहिला छपरातून आत, दुसरा उत्तरेच्या भिंतीवर बाहेरून.

मग बोटांनी आणि लाकडी दांडीने, आतून बाहेर, हलकेच ढकलत गेलो. मिस्त्रींचं म्हणणं डोळ्यांसमोर घडत होतं. चीर खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली आणि दर्जा धरून, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढली. खिडक्यांमधला भाग आधी गेला. कोपरे उभे राहिले, कारण तिथले दगड दोन्ही भिंतींना धरून होते. दाराची कमान राहिली. तिच्यावरचं वजन उतरलं तरी कळीचा दगड जागचा हलला नाही.

राडारोड्याचा हिशेब मला सगळ्यांत प्रिय आहे. भिंतीतून 12 सेंटिमीटर लांब, 8 उंच आणि 2 जाड असा तुकडा गेला असेल, तर ते 192 घनसेंटिमीटर झालं. सुट्या डबराला जागा जास्त लागते, साधारण दीडपट. म्हणजे जमिनीवर जवळजवळ 290 घनसेंटिमीटरचा ढीग दिसला पाहिजे, थोडा आत, थोडा बाहेर. बऱ्याच डायोरामांत अख्खी भिंत गायब असते आणि खाली मूठभर दगड. बाकीची भिंत गेली कुठे? पाहणाऱ्याला आकडे ठाऊक नसतात, पण काहीतरी कमी आहे हे त्याला जाणवतं. ढिगालाही क्रम असतो. आत फुटलेल्या गोळ्यामुळे आधी छप्पर येतं, म्हणून तळाशी फरशीला चिकटून कौलं आणि मोडक्या कैच्या, त्यांवर भिंतीचे दगड, आणि सगळ्यांवर चुन्याची धूळ. माझ्या पहिल्या प्रयत्नात कौलं सजावटीसारखी वर मांडलेली होती.

कैच्यांसाठी सागाच्या पातळ पट्ट्या वापरल्या. कापल्या नाहीत, पिळून मोडल्या. मोडलेल्या लाकडाचं टोक तंतूतंतूंचं असतं आणि आतून फिकट. बाहेरून मात्र शे-दीडशे वर्षांचा धूर.

या फिकटपणापाशी मी अडखळलो, आणि त्याला कारण वसई. पडक्या चर्चचा माझा सगळा अभ्यास वसईच्या किल्ल्यात झालेला. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये किल्ला घेतला, त्यानंतर तिथली जेझुइट, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन पंथीयांची चर्च हळूहळू ओस पडली. शाळेत असल्यापासून मी तिथे जातो. दाराच्या चौकटीची उंची, कमानीचा उतार, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतल्या थडग्यांच्या फरशा, सगळं टेपने मोजलेलं आहे. ओल्ड गोव्यातला संत ऑगस्टीनचा मनोराही तसाच. 1835 मध्ये ते चर्च सोडून दिलं गेलं, 1842 मध्ये वरचं छत कोसळलं, दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडायला 1931 साल उजाडलं. पडायला एक शतक घेतलेली इमारत आहे ती. तिच्या कडा पावसाने गोल झाल्या आहेत, दर्जांत मुळं शिरली आहेत, तुटलेला भाग आणि न तुटलेला भाग एकाच रंगाचे झाले आहेत. ते अवशेष फार सुंदर दिसतात.

नकळत मी उंब्रियात वसई बांधत होतो. दगडांच्या फटीत गवत लावलं, कडा घासून मऊ केल्या, सगळ्यावर एकच करडा हात फिरवला. माझं चर्च मात्र तोफांचा मारा झाला त्या दिवशी सकाळपर्यंत उभं होतं. त्यात गवताला जागा नाही. तुटलेल्या दगडाचा चेहरा कोरा, उजळ आणि धारदार हवा. गिलाव्याचे पोपडे ताजे हवेत, मागे भिंतीचा ओला नव्हे, कोरडा लाल-करडा रंग. उन्हाळ्यातली धूळ आडव्या जागी बसलेली, उभ्या जागी नाही. भिंतीवर पूर्वी कुणीतरी काढलेल्या चित्रातला फक्त निळ्या झग्याचा एक तुकडा मी ठेवला. पडक्या भिंतीवर एकटाच शाबूत क्रूस दाखवायची एक पद्धत पडून गेली आहे. तसं प्रत्यक्षात घडलं असेलही, पण तो क्रूस पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायला ठेवलेला असतो. माझ्या चर्चमध्ये वेदी दगडांखाली आहे.

इटलीतलं सान पिएत्रो इन्फिने हे गाव 1943 च्या डिसेंबरमध्ये लढाईत उद्ध्वस्त झालं. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनने त्यावर माहितीपट केला आणि ते जुनं गाव आजही तसंच पडकं जपून ठेवलेलं आहे. त्या माहितीपटातली दृश्यं मी थांबवून थांबवून पाहिली. मला सर्वांत जास्त शिकवलं ते दगडांनी नव्हे, त्या ढिगांतून वाट काढत परतणाऱ्या गावकऱ्यांनी. हे अवशेष नव्हते. हे त्यांचं गाव होतं, आणि आज रात्री ते कुठे झोपणार हा प्रश्न होता. तेव्हापासून मी माझ्या चर्चला 'अवशेष' म्हणणं सोडलं.

उंब्रियाच का निवडलं, हे सांगायला हवं. 10 जुलै 1944 रोजी वरच्या टायबर खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी जवळून चालणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. ते एकटे उरले. न थांबता ते पुढे गेले, हातबॉम्ब फेकला, टॉमीगन रिकामी झाल्यावर ती नळीकडून धरून तिच्या घावांनी ते ठाणं त्यांनी निकालात काढलं, आणि लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगड जिल्ह्यातले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्यांची कबर ज्ञात नाही. इटलीतल्या मोहिमेत ज्यांना कबर नाही अशा 4,000 हून अधिक सैनिकांची नावं कसिनोच्या स्मारकावर आहेत, त्यांत त्यांचं नाव आहे. 2023 मध्ये उंब्रियातल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

त्यांचा प्रसंग चर्चमध्ये घडला नाही, म्हणून माझ्या चर्चमध्ये ते नाहीत. माझ्याकडे तीन अनाम मराठा शिपाई आहेत, खाकी ड्रिलच्या कपड्यांत. दोघे बाहेर भिंतीच्या सावलीत बसले आहेत. तिसऱ्याने बूट काढून आत पाऊल ठेवलं आहे, असं करावं हे फार दिवस मनात होतं. शेवटी केलं नाही. काचा पसरलेल्या जमिनीवर, शत्रू जवळ असताना कुठला शिपाई बूट काढेल? ती भावना माझी होती आणि मी ती त्याच्यावर लादत होतो. तो आता बुटांसकट उंबऱ्यावर उभा आहे. आत गेलेला नाही. खाली पाहतो आहे, जिथे कौलांखालून बाकाचं एक टोक बाहेर आलं आहे. त्याच्या घरावरही नळीचीच कौलं असतील.

मिस्त्रींचं आमच्या इमारतीतलं काम तोवर संपलं होतं. त्यांना फोन करून बोलावलं. त्यांनी पुन्हा डावीकडून, उजवीकडून पाहिलं, बोट न लावता चिरेच्या पायऱ्या वरपर्यंत मोजल्या आणि विचारलं, "आत माणसं हुती का?" मी म्हटलं, गाव आधीच डोंगरात निघून गेलं होतं असं मी धरलंय. त्यांनी मान हलवली.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांचे इटलीतले फोटो असतील. त्यांना नवी फ्रेम करताना किंवा स्कॅन करताना फक्त चेहरा ठेवून कडा कापू नका. मागची भिंत, दाराची चौकट, छपराचा कोपरा तसाच राहू द्या, आणि फोटोच्या पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर तेही स्कॅन करा.