दुभंगणारा खांब

शाळेच्या संमेलनांत प्रह्लादाचें नाटक करावयाचें ठरलें म्हणजे पात्रांची अडचण सहसा पडत नाहीं. प्रह्लाद मिळतो, हिरण्यकशिपु तर प्रत्येक वर्गांत एक-दोन असतातच. अडतें तें खांबापाशीं. लाथ बसतांच तो दुभंगला पाहिजे, आंतून नरसिंह प्रकट झाला पाहिजे, आणि हें सारें पासलीसारख्या डोंगराआडच्या गांवीं, जेथें नाटकाचें सामान भाड्यानें देणारा कोणी नाहीं. वेल्ह्याच्या या मुलखांत आम्हीं उभा जन्म मास्तरकी केली. संस्कृत शिकविणें हें आमचें काम. परंतु भाताचीं खळीं उरकलीं आणि संमेलनाचे दिवस आले, कीं महिनाभर आम्ही सुतार, शिंपी व रंगारी होत असूं. ज्या घरांत शाळेचीं मुलें आहेत, त्या घरांना त्यांतलें कांहीं उपयोगीं पडेल म्हणून लिहितों.

खांबाविषयीं पहिली गोष्ट ही, कीं त्याला पाठ नसते. प्रेक्षकांस दिसतो तेवढाच अर्धगोल करावा व मागची बाजू उघडी ठेवावी. खांब मागच्या पडद्याला चिकटून उभा करावा आणि पडद्याला तेथें चीर ठेवावी, म्हणजे नरसिंहाला नाटकाच्या आरंभापासून आंत कोंडून घालावें लागत नाहीं. आपल्या प्रवेशाच्या आधीं तो चिरेंतून खांबांत शिरतो. आमच्याकडे कुडाच्या भिंतींना कारवी वापरीत. तीच सरळ पाहून उभ्या दांड्यांस घ्यावी. आडव्या बाजूला बांबूच्या कामट्या वांकवून बांधाव्या, त्यांवर गोणपाट ताणावें आणि गोणपाटावर मैद्याच्या खळीनें जुन्या वर्तमानपत्रांचे दोन-तीन थर द्यावे. खळींत चिमूटभर मोरचूद घालावा. तो विषारी असल्यामुळें मोठ्या माणसानेंच घालावा, पण घालावा खरा. नाहीं तर भगवंताच्या आधीं झुरळेंच खांब फोडून बाहेर येतात. वर चुन्याचा हात, त्यावर गेरूच्या रेघा, आणि दोन्ही कडांना काजळीची छाया. एवढ्यावर पोकळ अर्धुक पंधरा हातांवरून भरीव दगड दिसूं लागतें.

दोन पाख्यांचा मधला सांधा सरळ ठेवूं नये. सरळ सांधा उघडला कीं कपाट उघडल्यासारखें दिसतें, आणि कपाटांतून देव निघाला तर लोक हंसतात. सांधा विजेसारखा वांकडातिकडा कापावा. बाहेरच्या बाजूंना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधाव्या, म्हणजे पाखे सदा उघडूं पाहतात. त्यांना मागून एकाच सुरगाठीनें आवळून ठेवावें. गाठीचें टोंक ओढलें कीं खांब फुटतो. सारें यंत्र एवढेंच.

हें कांहीं आमचें पांडित्य नव्हे. भरतमुनींनीं नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत पुस्त म्हणजे रंगभूमीवरच्या बनावट वस्तु. त्याचेही संधिम, व्याजिम व वेष्टिम असे पोटभेद आहेत. चटई-कापड सांधून केलेलें तें संधिम, आणि युक्तीनें हलविलेलें तें व्याजिम. आमचा खांब दोन्ही. ह्या वस्तु जड धातूंच्या करूं नयेत, हलक्या असाव्या, नाहीं तर नट थकतो, असेंही मुनि बजावतात. नातवाच्या हातीं खरी तलवार द्यावी असा आग्रह धरणारे एक आजोबा आम्हांस दर वर्षीं भेटत. त्यांना आम्ही हा आधार दाखवीत असूं. भासाच्या 'बालचरितां'त यमुना दुभंगून वसुदेवाला वाट देते. त्या प्रवेशालाही हीच सुरगाठ पुरते: दोन निळीं लुगडीं रंगमंचाच्या मध्यावर एकत्र बांधावीं, दोन्ही विंगांतून मुलांनीं तीं हलवीत राहावें, आणि वसुदेवाचें पाऊल पडतांच गाठ सोडून आपापल्या बाजूला ओढून घ्यावीं.

मराठी रंगभूमीचा जन्मच चमत्काराच्या हौशींत झाला. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें. कळसूत्री बाहुल्या घडविण्यांतही त्यांचा हात चाले. त्या धर्तीच्या पौराणिक नाटकांत राक्षस यावयाचा तो मशालीवर राळ उडवून भडका करीत यावयाचा. राळ मात्र मुलांच्या नाटकांत कदापि आणूं नये. कागद, गोणपाट आणि कापूस यांच्या शेजारीं विस्तवाचा खेळ नको. पुढें दादासाहेब फाळके झाले. ते जादूचे प्रयोग करीत आणि आपलें आडनांव उलटें फिरवून 'प्रोफेसर केळफा' म्हणवीत. १९१७ सालच्या 'लंकादहनां'त त्यांनीं मारुति उडविला. पण १९१९ सालच्या 'कालियामर्दनां'त त्यांनीं केलेली एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. त्या चित्रपटांत कृष्ण झाली होती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. आणि चित्राच्या आरंभीं फाळके नाग दाखवीत नाहींत, त्या मुलीच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटणारे भाव दाखवितात. जादूगारानें आपली सर्वांत मोठी युक्ति कोठें ठेवली होती, तें यावरून कळतें.

आम्हीं ती युक्ति तोरण्याच्या धनासाठीं वापरली. इ. स. १६४६ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनीं तोरणा घेतला, त्याच्या डागडुजींत द्रव्य सांपडलें व तें राजगडाच्या कामीं लागलें, ही कथा या मुलखांत प्रत्येक पोराला ठाऊक. मुलें सोनेरी कागदाच्या मोहरा कापावयास बसलीं होतीं. आम्हीं त्या बाजूला ठेवविल्या. हंड्यांत एक विजेची बॅटरी ठेवली, तिच्या कांचेवर पतंगाचा पिंवळा कागद बांधला, आणि खणणाऱ्या मुलाला सांगितलें, कीं हंड्यांत हात घाल, बॅटरी लाव आणि नुसता आंत पाहा. अंधारांत त्याचा चेहरा एकाएकीं पिंवळा झाला. प्रेक्षकांना मोहोर एकही दिसली नाहीं. पण पुढच्या रांगेंतले म्हातारे मान उंच करून हंड्यांत डोकावूं लागले.

हल्लीं छापील फ्लेक्सचे पडदे शहरांतून येतात, भिंतीवर हलतीं चित्रेंही टाकतां येतात. आमचा त्यांना विरोध नाहीं. दिसतात तीं सुरेखच. आमची तक्रार एवढीच, कीं फ्लेक्सला दोरी ओढणारा लागत नाहीं. चाळीस मुलांच्या वर्गांत नाटकाला मुलें लागतात दहा. उरलेल्या तिसांनीं काय फक्त टाळ्या वाजवाव्या?

एके वर्षीं सातवींत एक मुलगा होता. बोलतांना अडखळे, वर्ग हंसतो म्हणून त्यानें बोलणेंच जवळ जवळ सोडलें होतें. नाटकाचें नांव काढतांच त्यानें मान हलविली. त्याला आम्हीं खांबाची दोरी दिली. आठ दिवसांत सर्व पात्रांचीं सर्व वाक्यें त्याला पाठ झालीं, कारण दोरी ओढावयाची ती शब्दावर, आणि शब्द ऐकल्यावांचून येत नाहीं.

प्रयोगाच्या रात्रीं हिरण्यकशिपूला आवेश चढला. तुझा देव या खांबांत आहे काय, हें विचारण्याच्या आधींच त्यानें खांबाला लाथ घातली. आंतला नरसिंह अधीर. तो ढकलूं लागला. आम्ही दूरच्या विंगेंत होतों, हात पोंचण्याजोगा नव्हता. खांब हलला, पण उघडला नाहीं. पडद्यामागें त्या मुलानें दोरी ओढली नव्हती. उलट दोन्ही पाखे मागून दाबून धरले होते. आणि मग हिरण्यकशिपूचें राहिलेलें वाक्य त्यानें चिरेंतून कुजबुजत त्याला सांगितलें. कुजबुजतांना अडखळणें पुष्कळदां कमी होतें. त्या रात्रीं तें वाक्य सबंध निघालें. हिरण्यकशिपूनें विचारलें, प्रह्लादानें उत्तर दिलें, दुसरी लाथ बसली आणि खांब फुटला. भक्तानें साक्ष दिल्याविना देव निघत नाहीं, म्हणूनच पहिली लाथ फुकट गेली, असें घरीं जातांना एक आजीबाई सुनेला समजावून सांगत होत्या.

टाळ्या नरसिंहाला मिळाल्या. आम्ही मागें गेलों तेव्हां तो मुलगा दोरी गुंडाळीत होता. दुसऱ्या दिवशीं वरच्या वर्गाची यमुना होती, आणि तिला तीच दोरी लागणार होती. "उद्यां कोण ओढणार?" म्हणून आम्हीं विचारलें. "मी," तो म्हणाला.